चिमणीचा आकडा

मोठ्या जाऊबाईंनी नवा वजनकाटा आणला आणि एकेकाला त्यावर चढवलं. भिंतीला उभं करून उंची मोजली, वजन आणि उंची मोबाईलमध्ये घातली आणि दोन्हींवरून निघणारा बीएमआयचा आकडा बघितला. त्यांचा स्वतःचा आकडा तेवीस आला, म्हणून त्या खूश. आठ वर्षांच्या चिमणीचा पावणेसोळा आला आणि खाली लाल पट्टा उमटला: अति कृश.

"अगं, गावाचे कपडे बेततेस, पोटच्या पोरीच्या अंगाकडे कधी बघितलंस?" जाऊबाई चिमणीच्या आईला म्हणाल्या.

चिमणीच्या आईला आपला धाकटा भाऊ आठवला. तो याच वयात झिजत गेला होता. आधी त्याचे सदरे ढगळ झाले, मग तोच गेला.

दुसऱ्या दिवसापासून तिने शिवणयंत्र बाजूला सारलं आणि लेकीच्या मागे ताट घेऊन फिरू लागली. दुधात लोणी, वर केळं, पोट भरलं म्हटलं तरी आणखी चार घास. चिमणी तोंड मिटायची, आई गाल दाबायची. सकाळी देवापुढे हात जोडायची आणि लेकीला काट्यावर उभं करायची. आकडा वाढायचा सोडून उतरू लागला. पोरीला ओकाऱ्या व्हायला लागल्या. ताटाचा आवाज झाला की ती कापड कापायच्या टेबलाखाली शिरायची.

आता मात्र आईचं धाबं दणाणलं. तिने लेकीला उचललं आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी आधी जन्मतारीख विचारली. मग पहिल्या दिवशीचा आकडा विचारून मुलींच्या वाढीच्या तक्त्यावरच्या वाकड्या रेघांमध्ये टिंब काढलं.

"ही तिच्या वयाच्या मुलींमध्ये अगदी मधोमध होती. तो लाल पट्टा मोठ्या माणसांचा. मुलांचा आकडा वयाप्रमाणे बदलतो, मुलगा-मुलगी बघून वाचायचा असतो."

मोठ्या बाईच्या मापावर पोरीचा झगा आईने जन्मात कधी कापला नव्हता.

"ती आजारी नव्हती," बाई हळूच म्हणाल्या. "पण आता जेवणाला भ्यायलीय. वजन मोजणं बंद. ताट ठेवा आणि बाजूला व्हा."

घरी आल्यावर तिने काटा जाऊबाईंना परत केला. ताट वाढलं आणि दूर जाऊन बसली. चिमणी टेबलाखालून बाहेर आली, पण ताटाला शिवली नाही.

"पोट भरलं की सांगितलं तर चालेल?"

"चालेल गं राणी."

चिमणीने एक छोटा घास उचलला. तिची नजर मात्र आईच्या हातांवरून हलली नाही.