हिरव्या काठाची गाठ

वरोरची बायजी बोंबील वाळवायची आणि उरलेल्या वेळात गावाशी भांडायची. पण २०१५च्या पावसाळ्यात किनाऱ्यावर एक कासवी लागली, तेव्हा ती भांडण अर्धं टाकून धावली. तुटक्या जाळ्याच्या दोरीने बिचारीचा पुढचा पाय पार कापून काढला होता. बायजीने तिला ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि मुलाला, सुनिलला, टेम्पो काढायला लावून डहाणूला कासवांच्या दवाखान्यात नेलं.

"मला ताप आला तर एवढी धावत नाहीस," सुनिल कुरकुरला.

"तू काय देव लागून गेलास?" बायजी म्हणाली, आणि तिथूनच दर्याला नवस बोलली, "माझी लंगडी जगू दे, दर नारळी पौर्णिमेला नारळ-फुलं वाहीन."

लंगडी जगली. सहा महिन्यांनी तिला समुद्रात सोडलं, तेव्हा बायजी लेक सासरी निघावी तशी रडली.

नवस तिने एकदाही चुकवला नाही. नारळ मोकळा सोडायची. हळद-कुंकू आणि फुलं मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालायची. सुटी फुलं लाटेबरोबर परत येतात, पायदळी जातात. देवाचं देवाकडे नीट पोचायला हवं ना! पिशवीचं तोंड ती आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाने करकचून बांधायची.

२०१९च्या जुलैत सुनिल दारातूनच म्हणाला, "आई, तीन पायांचं कासव लागलंय. मेलेलं."

बायजी पोचली, तेव्हा कासवांच्या दवाखान्यातली पूर्वी नावाची मुलगी मोजपट्टी लावून वहीत लिहीत होती. पाच वर्षं ती मेलेल्या प्रत्येक कासवाची लांबी, जखमा आणि पोटात काय सापडलं ते टिपून ठेवत होती. ती म्हणाली, "वर्षानुवर्षं लिहिलं तरच कळतं, मावशी, की घाणीने कासवं किती मरतात ते."

"मला एवढंच सांग, माझ्या लंगडीला कोणी मारलं? त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते!"

पूर्वीने लंगडीचं पोट उघडलं. नायलॉनचे दोरे निघाले, वेफर्सचं पाकीट निघालं. शेवटी आतड्यात घट्ट बसलेला एक बोळा निघाला. "याने आतडं बंद झालं. महिनाभर खाल्लं नसेल तिने."

तिने बोळा पाण्यात धुतला. फाटकी पिशवी होती. तोंडाला हिरव्या काठाची पट्टी, अजून करकचून बांधलेली.

बायजीने पिशवी तिच्या हातून घेतली. ती वाळूत बसली. पिशवी मांडीवर घेऊन गाठ सोडवू लागली, पण तिनेच बांधलेली गाठ तिला सुटेना.

पूर्वी लिहिता लिहिता पुटपुटली, "प्लास्टिक कुठून आलं... अज्ञात." दरवेळी ती तेच लिहायची.

"अज्ञात नको लिहू, पोरी," बायजी म्हणाली. "बायजी लिही. वरोरची."