टावर आलं की जाईल

आमच्या माहेरगावात लोक फोनवर बोलत नसत, बोलून ठेवत. केनवडच्या पुढे खळग्यात वसलेलं गाव; रेंज मिळायची ती फक्त वरच्या माळावर. मग घरात, शेतात, असाल तिथे निरोप रेकॉर्ड करायचा आणि फोन खिशात टाकायचा. "टावर आलं की जाईल." गेला की नाही ते मागे वळून कोणी पाहत नसे. बोललं म्हणजे पोचलं, असंच सगळे धरून चालायचे. मी शेलूबाजारला दिलेली, तिथे रेंजला तोटा नाही. माहेरच्यांच्या ह्या खुळाला मी खूप हसायची.

माझा धाकटा भाऊ अनुप पावसाळा सरता सरता हळदीच्या शेतात साप डसून गेला. संध्याकाळी शेजारच्या रामधनला तो बांधावर मरून पडलेला दिसला. "जागच्या जागी गेला जी, त्याले समजलंबी नसंल," रामधन म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी तेवढंच घट्ट धरून ठेवलं. अनुपची बायको पौर्णिमा मात्र धरेना. त्या दिवशी सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तिने रुसून डबा बांधला नाही, आणि तो उपाशीच शेतात गेला. तेव्हापासून तिचा एकच घोषा.

"दीपाताई, ते माह्यावर रागातच गेले का हो?"

"नाही गं बाई," मी म्हणायची. मला काय ठाऊक होतं? मागे राहिलेल्या माणसाला जगवायला आपण वाट्टेल ते बोलतो.

दोनेक महिन्यांनी गावात फायबरची तार आली. पौर्णिमेनंही भिंतीवर वायफायची डबी बसवून घेतली, शिवणकामाचे नवे नमुने पाहायला. माळावर जायची कोणाला गरज उरली नाही, तिकडची पायवाट गवतात बुजून गेली. सगळे खूश. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

परवा मी गेले ती अनुपच्या फोटोसाठी. फ्रेम करून बुद्धमूर्तीशेजारी लावायचा होता. पेटीत पडलेला त्याचा फोन काढला, चार्ज केला आणि फोटो माझ्याकडे पाठवावा म्हणून वायफाय जोडलं.

शिलाई मशीनवरचा पौर्णिमेचा फोन वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

"ताई," ती म्हणाली, "ह्यांचे मेसेज येऊन राह्यले."

"नको ऐकू," मी म्हणाले. पण कोणती बायको थांबली असती?

पहिल्यात तो घाईघाईनं बोलत होता. "पौर्णिमा, साप डसला मले. रामधनले सांग, गाडी घेऊन ये म्हणा. मी बांधावर बसलो."

दुसऱ्यात आवाज उतरला होता. "निघाली का? पाय लय सुजला. उठता येऊन नाही राह्यलं."

तिसऱ्यात नुसता श्वास, आणि मागे कुठंतरी ओरडणारा मोर.

शेवटच्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. "मालूम हाय मले, तू रुसली. म्हणून येऊन नाही राह्यली. माहीच चूक झाली, बाप्पा. आता तरी ये."

म्हणजे तो जागच्या जागी गेलाच नव्हता. वाट पाहत बसला होता. आपलं बोलणं पोचलं, ती ऐकते आहे, आणि तरी येत नाही, असं समजून बसला होता.

मी हंबरडा फोडला. पौर्णिमा रडली नाही. तिने फोन तोंडाशी नेला, बटण दाबून धरलं आणि शांतपणे म्हणाली, "मले आत्ताच समजलं हो. झोपू नका. मी निघाली."

माझ्या हातातला अनुपचा फोन थरथरला. तिचा निरोप पोचला होता. मी मान वर केली तेव्हा ती अनवाणीच दाराबाहेर पडली होती, आणि शेताच्या वाटेनं धावत सुटली होती.