उगवतीकडे तोंड

ईस्टरच्या आदल्या दिवशी भीमपूरच्या कब्रस्तानात काकाच्या कबरीला चुना लावता लावता पुतण्या नागेश बोलून गेला, आणि सखूबाईच्या हातातला कुंचा तिथेच थांबला.

"काकू, काकाचं डोकं इकडं नाही, तिकडं हाय. क्रूस आपन पायापाशी रोवला."

झालं! दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, चंपतला पुरताना पाऊस असा कोसळला, की चौघांनी घाईघाईत पेटी उतरवली ती उलटीच. डोक्याकडची बाजू नागेशनंच धरली होती. पण रडत्या काकूला सांगणार कोण? ख्रिस्ती माणसाला इथं पुरतात ते डोकं मावळतीला अन् पाय उगवतीला करून. प्रभू येईल उगवतीकडून, तेव्हा मेलेली माणसं उठतील ती थेट त्याच्याकडे तोंड करून. आणि आमचे चंपतराव? सगळं कब्रस्तान प्रभूकडे बघत उभं, हा बाबा एकटा पाठ फिरवून!

सखूबाईचा जीव कासावीस झाला. ज्या माणसाला जन्मात कधी खुंटीवरचा सदरा सापडला नाही, त्याला मागे उभा असलेला प्रभू काय सापडणार? तो उठणार, याबद्दल तिला तीळभर शंका नव्हती. येशू उठला म्हणून चंपतही उठेल, याच भरवशावर तर तिनं ही दोन वर्षं हसतखेळत काढली होती. काळजी होती ती फक्त तोंडाची.

ती तडक पास्टर बाबारावांकडे गेली.

"त्याईले खोदा अन् सरळ करा."

"सखूबाई, जो सोता कबरीतून उठला, त्याले चंपतचं तोंड फिरवता नाही येनार काय?"

"येईन ना. पन त्या दिवशी त्याले कामं का कमी राह्यतीन?"

पास्टरांना हसू आवरेना. "बरं बाप्पा, सकाळी उपासना झाल्यावर पाहू."

ईस्टरची उपासना पहाटे कब्रस्तानातच होते. "प्रभू उठला आहे!" पास्टर म्हणाले. "खरोखर उठला आहे!" सखूबाईचा आवाज सगळ्यांत मोठा, थोडा रागातलाच. मग गुडघे दुखायला लागले, म्हणून ती चंपतच्या क्रूसामागे मोकळ्या जागेत बसली. समोर कबर, कबरीपलीकडे वावरं, आणि वावरांवरून सूर्य वर येत होता. ती बघतच राहिली. मग एकदम हसली आणि बसल्या जागेवर थाप मारली.

पास्टर आणि नागेश जवळ आले. "सांगा, खोदायचं काय?"

"राहू द्या त्याईले तसंच. मले इथं पुरा, त्याईच्या पायाकडं पाय करून. पन सरळ बरं का नागेश, सगळ्याईसारखं!"

"मंग काकालेच सरळ काऊन नाही करत?"

"अरे येड्या, मी उठीन उगवतीकडं तोंड करून, अन् ते मावळतीकडं. डोये उघडल्याबरोबर समोर मीच दिसन त्याईले." सखूबाईनं पदरानं डोळे पुसले. "मंग म्हनीन, अहो, आता मांगं वळा. प्रभू आला."