गिअर काढलेली गाडी

उतार दिसला की सासऱ्यांचा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जायचा. खटकन न्यूट्रल! "थेंबभर पेट्रोल जळत नाही बघ," म्हणत मिशीत हसायचे. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, त्यांना कोण शिकवणार?

शिकवणारी शेजारच्याच सीटवर बसली होती. सून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. गिअर काढून वळणात शिरलात तर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो आणि गाडी बाहेरच्या बाजूला पळते, हे ती रोज घसा फोडून सांगायची. पण घरच्या म्हाताऱ्यापुढे तोंड दाबून बुक्क्यांचा मार! एकदा बोलून पाहिलं होतं, तर आठवडाभर अबोला. मागे चार वर्षांची लेक झोपली होती. घाट संपेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं, दुसरं काय?

तिसऱ्या वळणाला ब्रेक करपल्याचा वास आला.

"बाबा, गिअर टाका ना."

"गप बस गं. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून घाट उतरतोय."

चौथ्या वळणात ब्रेक मऊ पडला, दाबला तरी धरेना. गाडी वळेना, कठड्याकडे सरकू लागली. सुनेनं उजवा पाय खाडकन दाबला. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक असतो. इथे पायाखाली नुसती चटई. अरे देवा! लेक मागे, आणि आपण इथे सामानासारख्या बसलोय.

"क्लच दाबा! तिसरा टाका! आता क्लच सोडा, हळू!" शिकाऊ पोरांवर ओरडते तशीच ती ओरडली. आणि नवल म्हणजे म्हाताऱ्यानं ऐकलं. इंजिन गुरगुरलं, वेग आवरला, आरसा कठड्याला घासून फुटला आणि गाडी कशीबशी पुढच्या सपाटीवर थांबली.

हँडब्रेक तिनंच ओढला. लेक जागी होऊन रडत होती.

"घरी बोलू नकोस," सासरे समोर बघत म्हणाले.

"नाही बोलत. पण उतरा. पुढे मी चालवते."

"माझ्याच गाडीतून मला उतरवतेस?"

"हो. नाहीतर पोरीला घेऊन मी चालत निघाले."

सासऱ्यांनी दार उघडलं, पण बसूनच राहिले. दोन्ही हातांनी गुडघे घट्ट दाबून धरले.

"उतरतो गं बाई," ते म्हणाले, "पाय तेवढे उभे राहू देत."