टाकीतलं कबूतर

मी शाळेचा ग्रंथपाल. आठवीला इंटरनेटवरची सावधगिरी शिकवायचा तास माझ्याकडे आला, तो मला त्यातलं काही कळतं म्हणून नव्हे. बुधवारी चौथ्या तासाला मी एकटाच रिकामा होतो. मुलं मला मागून 'वाळवी' म्हणतात. त्यात फारसं खोटं नाही.

त्या बुधवारी मी सहा मेसेज छापून वाटले. काही खरे, काही मी रचलेले. खोटे कुठले ते शोधायचं आणि कशावरून ते लिहून आणायचं. तिसरा होता, शाळेच्या पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडल्याचा. कागदावर 'सरावासाठी' असं छापायला हवं होतं. पण मग मुलं आधीच सावध होतील, असं मला वाटलं.

एका मुलीच्या आईने घरी त्या तिसऱ्या मेसेजचाच तेवढा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शिपाईमामा ग्रंथालयात येऊन खिडक्या पुसायला लागले.

"मामा, आज कुठे तुमचा खिडक्यांचा वार?"

"पुसून घेतो सर. उद्यापासून येऊ नका म्हणाल्या मोठ्या बाई." फडकं पिळत ते म्हणाले, "रविवारीच टाकी घासली मी. वर जाळी आहे. कबूतर काय झाकण उघडून आंघोळीला उतरलं?"

ते मी लिहिलंय, एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांना बसा म्हणालो आणि बाहेर पडलो.

मुख्याध्यापिकाबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"सर, रजेचा अर्ज तीनदा लिहिता तुम्ही. हेच बरं एका झटक्यात जमलं!"

मेसेज ग्रंथपालांनी सरावासाठी रचला होता, असा खुलासा त्यांनी ग्रुपवर टाकला. उत्तरं आली: 'सारवासारव.' 'कुणा म्हाताऱ्याला पुढे केलंय.' बाईंनी फोन पालथा ठेवला. "पालकांची खात्री पटल्याशिवाय मामांना ठेवता येणार नाही मला. माझ्याही वर कुणीतरी आहे."

म्हणून शाळा सुटताना मी फाटकात उभा राहिलो. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. "टाकीत काही नव्हतं. ते मी लिहिलं होतं," असं मी एकेकाला सांगत होतो. बरेच जण ऐकल्यासारखं करून निघून गेले. एक गृहस्थ म्हणाले, "आजोबा, घरी जा. उगाच का दुसऱ्याचं अंगावर घेता?"

शेवटी त्या मुलीची आई समोर आली. चेहरा उतरला होता.

"मग आता मी काय टाकू ग्रुपवर?"

"काहीच टाकू नका. वर चला, टाकी बघा."

ती आली. तिच्यामागून आणखी सहा जणी आल्या. गच्चीपर्यंतचे जिने चढताना मी दोनदा थांबलो. मामांनी जाळी काढली, झाकण उचललं. सातही जणी वाकून बघत राहिल्या. तळाच्या फरश्या स्पष्ट दिसत होत्या. एकीने मामांना विचारलं, "किती दिवसांनी घासता?" ते सांगू लागले. मुख्याध्यापिकाबाईही वर येऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मामा, उद्या या. पुढचं पुढे बघू."

सगळ्या खाली उतरल्यावर मामा जाळी बसवत म्हणाले, "सर, सकाळी मलाच आधी सांगायचंत."

"हो," मी म्हणालो. मी जाळीचं दुसरं टोक धरलं.

सात जणींनी पाहिलं होतं. ग्रुपवर तीनशे जण होते. उद्या पुन्हा फाटकात उभं राहायचं होतं, आणि त्याआधी हे जिने उतरायचे होते.