जुन्या फोनात उघडं राहिलेलं

वर्षाराणी महाळुंग्याच्या सासरहून अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. नवऱ्याने, सुजितने, पट्ट्याने फोडलेली पाठ पाहून चिखलीच्या म्हाताऱ्या तानुबाईने काही न विचारता मागची खोली दिली. पत्ता माहेरीही कुणाला ठाऊक नव्हता.

नव्या फोनात तिने एआयचं ॲप जुन्याच खात्याने सुरू केलं. कंपनीतून आली की ती त्याच्याशीच बोलायची. माणसांपुढे जीभ रेटायची नाही ते सगळं तिथे लिहायची: मार, पडलेलं मूल, चिखलीतली गल्ली, सुट्टीचा वार. हे कुणाच्या कानावर जात नाही, असं ती धरून चालली होती.

रविवारी भरदुपारी ती भाकऱ्या करत होती. पहारेने कडी उचकटून सुजित आत आला. पहारेचा पहिला घाव हुकला, दुसरा तिच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. केस धरून त्याने तिचं डोकं ओट्यावर आपटलं.

"'त्यानं लाथ घालून माझं मूल पाडलं', व्हय गं? 'तो समोर आला की मला लघवी सुटते', असं लिहितीस? अजून लिही की!"

हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. मग उमगलं. जुना फोन सासरीच राहिला होता, आणि त्यात तेच खातं उघडं होतं. ती इथे लिहीत होती, तो तिथे वाचत होता.

खांद्यापेक्षा हे जास्त झोंबलं. तापलेला तवा तिने उघड्या हाताने उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. कातडी चरचरली. तो किंचाळत खाली बसला, तरी ती थांबेना.

"माझं होतं ते! तुझं नव्हतं!"

तानुबाई मुसळ घेऊन धावली आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. शेजारच्या वर्कशॉपमधल्या माणसांनी त्याला दोराने बांधला.

दवाखान्यात फौजदार तेजस्विनी मॅडम आल्या. "तो म्हणतो, समजूत काढायला गेलो होतो, हिनंच तवा मारला."

वर्षाराणीने आपल्या फोनात ते ॲप उघडून दाखवलं. तिच्या गप्पांच्या वर एक संभाषण तिचं नव्हतं. त्याच रविवारच्या सकाळचं. "दाराची कडी बाहेरून कशी उचकटायची?" ॲपने कारण विचारलं होतं. सुजितचं उत्तर होतं: "बायको आत असते. ओरडायच्या आत धरायचीय." त्याचं लिहिलेलंही तिच्याकडे उमटतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"फोन दे. सगळंच वाचावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई. त्याचं तेवढं घ्या. माझं मी माझ्या तोंडानं सांगंन, जेवढं सांगायचं तेवढंच."

"कोर्टानं मागितलं तर?"

"तव्हा बघू. आज न्हाई."

मॅडमनी पंचांसमोर सुजितचं तेवढंच संभाषण नोंदवून घेतलं, आणि बाकीच्या सगळ्या फोनांतून खातं बंद कसं करायचं ते दाखवलं. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा फोन तिच्या मांडीवर ठेवून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

भाजलेल्या हाताच्या पट्टीतून एकच बोट बाहेर होतं. त्याने तिने एकेक अक्षर दाबलं.

"काय लिवलंस गं?" तानुबाईने वाकून विचारलं.

"न्हाई सांगायची, आजी."