काखेतली गाठ आणि इंदुताई

“शरीरात काही बसवलंय का तुमच्या?” डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि रुख्मिणीनेही तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

शेजारच्या खुर्चीत नणंद इंदुताई होत्या ना! भावजयीला दवाखान्यात एकटं पाठवायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, म्हणून पारशिवनीहून खास आल्या होत्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. डॉक्टर रुख्मिणीला भूक लागते का विचारत आणि उत्तर इंदुताई देत. नवरा रुपराव मागे फाइल धरून उभा होता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं पंप सांभाळलेला हा माणूस थोरल्या बहिणीपुढे खुर्चीतही बसत नसे.

आठ वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे रुख्मिणीचा डावा स्तन काढावा लागला आणि तिथे सिलिकॉनची पिशवी बसवली. नातेवाइकांना ‘साधी गाठ काढली’ एवढंच सांगितलं होतं. पिशवीचं कळलं असतं तर या वयात हिला हौस सुचली, असं गावभर झालं असतं. आता काखेत गाठ आली होती. कॅन्सर परतला या धास्तीने महिनाभर तिला अन्न गोड लागत नव्हतं, तरी डॉक्टरांनाही तिने बाही वर करून फक्त काख दाखवली होती.

डॉक्टर म्हणाले, सुईच्या तपासणीत कॅन्सर दिसत नाही, पण पेशींत काहीतरी अनोळखी अडकलंय. गाठ काढून पुन्हा तपासू, कदाचित टीबी असेल. इंदुताईंनी लगेच रोज अंडी किती द्यायची ते विचारलं.

रुपरावने बहिणीला झेरॉक्स काढायला पाठवून पाहिलं. झेरॉक्स त्यांच्या पर्समध्ये आधीच तयार होत्या. मग त्याचा धीर सुटला.

“साहेब, आठ वर्षांआधी कॅन्सरनं छाती काढली, तिथं सिलिकॉनची पिशवी हाय तिच्या. मीच बसवाले लावली. थे आरशासमोर जात नव्हती.”

डॉक्टरांना रिपोर्टाचा मेळ लागला. सिलिकॉन हळूहळू झिरपतं, काखेत सगळ्यांनाच असलेली लहान गाठ ते अडवते, शरीराचे पहारेकरी त्याभोवती जमतात आणि गाठ सुजते. कॅन्सर परतलेला नाही. पिशवी फाटली असेल तर बदलू. रुख्मिणीला रडू आलं, थोडं सुटकेचं आणि थोडं लाजेचं.

इंदुताई गप्प होत्या. साठ वर्षांत असं घडलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “मले काहून नाही सांगतलं वं? मी का परकी हाव?”

तेवढ्यात पारशिवनीहून रुख्मिणीच्या धाकट्या जावेचा, कामिनीचा फोन आला. इंदुताईंचा फोन कायम स्पीकरवर असे. काय निघालं, हे तिने विचारलेलं सगळ्या व्हरांड्याने ऐकलं.

इंदुताईंनी रुख्मिणीकडे पाहिलं आणि स्पीकर बंद केला.

“काही नाही वं,” त्या म्हणाल्या, “उष्णतेची गाठ हाय. ताक प्याले सांगतलं.”